मदत हवी आहे: पेरून, पेर्कूनास, थॉर, पर्जन्य या ओळीत कोण कुणाचा?

नदीकाठ
ख्रिस्ती होण्यापूर्वीच्या स्लाव धर्मावर दिवाळी अंकासाठी लेख लिहितो आहे. सोबत तक्ता द्यायचाय: स्लाव देव, शेजारी बाल्टिक, मग नॉर्स, शेवटी वैदिक. इथे अडलंय:
१. पेरून = पेर्कूनास = थॉर = पर्जन्य ही मेघगर्जना-पावसाच्या देवांची ओळ जिथेतिथे दिसते. छापू का?
२. स्वारोग आणि स्वर्ग, चेर्नोबोग ('काळा देव') आणि बेलोबोग ('पांढरा देव'), प्रेमदेवता लादा. यातलं काय ठेवू?
३. नावांपलीकडे, विधीतला संबंध दाखवणारं एखादं भक्कम उदाहरण हवंय.
प्राचीन स्लाव ग्रंथ म्हणवलं जाणारं 'वेलेसचं पुस्तक' हाताशी आहे, ते चालेल का?

शब्दवेध
ओळ आहे तशी छापू नका.

पेरून म्हणजे 'झोडणारा'. 'मारणे, झोडणे' अर्थाच्या स्लाव धातूला कर्तावाचक प्रत्यय लागून हे नाव झालं. लिथुएनियन पेर्कूनासमध्ये मधे 'क' आहे. त्याचं नातं लॅटिन 'क्वेर्कुस'शी, म्हणजे ओक वृक्षाच्या नावाशी लावतात. हा 'क' स्लाव भाषांत आपसूक गळत नाही. त्यामुळे दोन्ही देव सख्खे शेजारी असले, तरी नावं एकाच शब्दाची दोन रूपं आहेत असं म्हणता येत नाही. ओकवाचक जुनं नाव स्लावांनी 'झोडणे'शी जोडून बदललं असावं, असा एक तर्क आहे. तो तर्क म्हणूनच लिहा.

पेर्कूनासशी ध्वनिनियमांनी जुळतं ते थॉरच्या आईचं नाव, फ्योर्ग्युन. जर्मानिक भाषांत मूळच्या 'प'चा 'फ' होतो. थॉर या नावाचा अर्थ फक्त 'गडगडाट', आणि त्याच्या जवळचं नाव केल्टिक तारानिस. म्हणजे थॉर आणि पेरून यांचं काम एक, नावं वेगळी. पर्जन्याचं म्हणाल तर पेर्कूनासच्या मुळापासून संस्कृतात 'च' यायला हवा होता, 'पर्चन्य'सारखा. आहे 'ज'. प्रश्नचिन्ह लावून ठेवा.

वैदिक रकान्यात काही भरीव हवं असेल तर 'बोग' घ्या. देवासाठीचा हा स्लाव शब्द इराणी 'बग' आणि आपल्या 'भग', 'भगवान'च्या कुळातला आहे. लिथुएनियनांनी मात्र 'दिएवास', म्हणजे आपला 'देव', जपला. स्लावांकडे त्याच कुळातला म्हणून धरला जाणारा 'दिव' भुताखेतांच्या अंगाने गेला. शेजारी असून हा फरक पडतो, हे वाचकाला जरूर दाखवा.

एक बारीक सूचना: मराठीत 'पेरून' हे 'बी पेरून' असं वाचलं जातं. पहिल्या उल्लेखात 'पेरून हा देव' असं लिहा.

जुनी पोथी
'वेलेसचं पुस्तक' आधी बाजूला ठेवा. ते १९५० च्या दशकात रशियन निर्वासितांच्या नियतकालिकातून पुढे आलं. मूळ लाकडी फळ्या तज्ज्ञांना कधीच तपासायला मिळाल्या नाहीत, आणि त्यातलं व्याकरण कुठल्याही काळच्या स्लाव भाषेत बसत नाही. ते बनावट आहे. त्यातलं एक वाक्य जरी शिरलं तरी जाणकार वाचक पुढचं वाचणार नाही.

दुसऱ्या प्रश्नावर: प्रत्येक देवासमोर पहिली नोंद कुठली, ते लिहा. गाळण आपोआप होते.

स्वारोग येतो तो जुन्या रशियन इतिवृत्तातल्या १११४ च्या नोंदीत, एका ग्रीक इतिहासग्रंथाच्या स्लाव भाषांतरात. तिथे हेफाइस्टोसच्या जागी स्वारोग आणि सूर्याच्या जागी त्याचा मुलगा दाझबोग घातलाय. 'लोहार देव' हे वर्णन त्यामुळे ग्रीक देवाचं आहे, स्वारोगाचं असेलच असं नाही. 'स्वर्ग'शी फक्त आवाज जुळतो, तेवढ्यावर रकाना भरू नका.

चेर्नोबोग बाराव्या शतकात हेल्मोल्ड या जर्मन इतिवृत्तकाराकडे आहे: मेजवानीत पेला फिरवताना चांगल्या आणि वाईट देवाचं नाव घेत, वाईटाला चेर्नोबोग म्हणत. चांगल्याचं नाव तो देत नाही. बेलोबोग नंतर जोडी जुळवण्यासाठी आला. लादा पंधराव्या शतकातल्या पोलिश धर्मगुरूंच्या लिखाणात आहे, बहुधा गाण्याच्या पालुपदावरून घेतलेली. पोलिश इतिहासकार द्लुगोशने तर लादाला युद्धदेव मार्सशेजारी बसवलंय! प्रेमदेवता म्हणून अजिबात नको.

भक्कम यादी ९८० ची: राजा व्लादिमीरने कीवच्या टेकडीवर उभारलेला लाकडी पेरून, डोकं चांदीचं, मिशी सोन्याची. सोबत खोर्स, दाझबोग, स्ट्रिबोग, सिमार्गल, मोकोश. यातली खोर्स आणि सिमार्गल ही नावं बहुधा इराणी वळणाची आहेत, म्हणून तक्त्यात इराणी रकाना घाला. गवताळ प्रदेशातले इराणी भाषक हेसुद्धा स्लावांचे शेजारीच.

उंबरठा
तिसऱ्यासाठी घोड्याचा कौल घ्या. याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

रोमन इतिहासकार टॅसिटस इ. स. ९८ मध्ये जर्मानिक लोकांबद्दल लिहितो: पवित्र राईत पांढरे घोडे पाळत, रथाला जुंपत, आणि खिंकाळण्यावरून शकुन पाहत. भाले नाहीत. भाले दिसतात ते स्लावांकडे, हजार वर्षांनी. रेथ्रा या स्लाव देवस्थानी आधी चिठ्ठ्यांसारखा कौल, मग जमिनीत रोवलेल्या दोन आडव्या-तिडव्या भाल्यांवरून घोडा. दोन्ही कौल जुळले तरच काम हाती घेत. श्चेचिनला (आजच्या पोलंडमध्ये) त्रिग्लाव या देवाचा काळा घोडा: एकेक हात अंतरावर नऊ भाले, तीनदा ये-जा, एकाही भाल्याला पाय लागता कामा नये. अर्कोनाला, जे डेन्मार्कच्या राजाने ११६८ मध्ये पाडलं, स्वांतेवित या देवाचा पांढरा घोडा: भाल्यांच्या तीन रांगा, प्रत्येक वेळी उजवा पाय आधी पडला तर मोहीम, एकदा जरी डावा पडला तर बेत रद्द.

नेहमीची चूक अशी की अर्कोनाच्या घोड्याखाली श्चेचिनचे नऊ भाले जातात. गावं वेगळी ठेवा.

आता महत्त्वाचं. लाटव्हियाच्या किनाऱ्यावरच्या लीव लोकांतही हाच विधी नोंदलाय: एका ख्रिस्ती साधूला बळी द्यायचं की नाही हे भाल्यावरून जाणाऱ्या घोड्याच्या पायावर ठरवलं. घोड्याने दोन्ही वेळा जगण्यासाठी ठरवलेला पाय पुढे टाकला, साधू वाचला. लीव भाषा फिनिश कुळातली. म्हणजे विधी एकाच कुळातून वारशाने आला असं धरता येत नाही. तो बाल्टिक किनाऱ्याने हातोहात पसरला असणं जास्त पटतं. घोडा पवित्र मानणं जुनं, भाल्यांची रीत किनाऱ्याची.

नदीकाठ
मनापासून आभार. तक्ता मोडून 'नाव जुळतं', 'काम जुळतं', 'विधी जुळतो' आणि 'पहिली नोंद' असे चार रकाने करतो. दोदोलाच्या शेजारी आपली धोंडी ठेवली तर?

उंबरठा
'विधी जुळतो'मध्ये ठेवा, नातं म्हणून नको. सर्बिया-बल्गेरियात पाल्याने झाकलेली मुलगी दारोदार जाते, बायका तिच्यावर पाणी ओततात. आपल्याकडे कडुनिंबाचा डहाळा आणि बेडूक. पाऊस नाही म्हणून पाणी ओतून पाऊस मागणं हे कुठल्याही शेतकऱ्याला स्वतंत्रपणे सुचेल.

रोमानियात हीच मुलगी पापारुदा, बल्गेरियात पेपेरुदा. त्यात काहींना पेरून ऐकू येतो. पण बल्गेरियनमध्ये पेपेरुदा म्हणजे फुलपाखरू, तेव्हा तिथेही प्रश्नचिन्ह लावा.