सीएसआर मागण्याआधी नोंदणी कसली ते बघा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरातल्या मराठी माध्यमाच्या दहावीच्या पोरांसाठी ॲप काढताय आणि प्रायोजक हवेत, म्हणता. कुणीतरी सुचवलेले मुंबईचे गुंतवणूकदार तूर्त बाजूला ठेवा. त्यांचा पहिला प्रश्न ‘मार्केट केवढं?’ कर्नाटक बोर्डाची मराठी एसएसएलसी, म्हणजे तिथली दहावी, म्हटल्यावर गडी गप्पच होणार! महाराष्ट्राच्या बालभारतीवर बेतलेली ॲप्स आपल्या पोरांना पुरत नाहीत, हे तुमचं बळ खरं, पण ते पटेल देणगीदाराला.

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च. त्याचं अनुदान प्रायव्हेट लिमिटेडला मिळत नाही. कंपनी कायद्याच्या कलम ८ ची (ना-नफा) कंपनी, ट्रस्ट नाहीतर सोसायटी हवी, वर सरकारकडे सीएसआर-१ फॉर्मची नोंदणी. आणि नफ्यातले २ टक्के सीएसआरवर खर्चायची सक्ती सगळ्या कंपन्यांना नसते. निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी, यांतलं एक तरी लागतं. म्हणून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या दिसेल त्या फाउंड्रीत फाईल घेऊन शिरू नका. छोट्या मालकाकडे त्याच्याच गावच्या शाळेसाठी चार टॅब मागा की, खुशीनं देईल.

धंदाच करायचा असेल तर कर्नाटक सरकारची स्टार्टअपसाठीची एलिव्हेट योजना बघा. ५० लाखांपर्यंत अनुदान, बदल्यात कंपनीत हिस्सा द्यावा लागत नाही. फक्त कंपनी महाराष्ट्रातल्या चंदगडच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर काढू नका, नोंदणी कर्नाटकातलीच लागते.