मदत हवी आहे: पुण्याच्या कोंढव्यातल्या अफगाण कुटुंबांसाठी बायकांचा गट, आणि दुभाष्याची अडचण

कोंढवा_जिना
शनिवारच्या अभ्यासवर्गाला ११ अफगाण कुटुंबांतली मुलं येतात. त्यांच्या आया वर्ग सुटेपर्यंत बाहेर जिन्यातच बसून असतात. झोप नाही, डोकं ठणकतं, मुलांवर हात उठतो, असं कानावर येतं. ७ आणि ९ वर्षांची दोन मुलं पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली आहेत. हाताशी एक खोली, चार स्वयंसेविका आणि आठवड्याला दोन तास देणारी समुपदेशक (मराठी-हिंदी) आहे. दुभाषी म्हणून १३ वर्षांची एक मुलगी, तिचं हिंदी फर्मास आहे. पहिल्या बैठकीत काय बोलायचं? नैराश्याच्या चाचणीचे फॉर्म भरून घ्यायचे का? कुणाचं जास्त बिघडलं तर कुठे न्यायचं?

पर्वती_पायथा
आधी त्या मुलीला मोकळं करा. आई तिच्यासमोर मरणाचे विचार बोलणार नाही, आणि बोललीच तर ते पोरीच्या डोक्यात कायमचं बसेल. शिवाय अशी मुलं आईचं बोलणं सौम्य करून सांगतात, ते वेगळंच.

पुण्यात अफगाण विद्यार्थी बरेच आहेत, त्यांतली एखादी सज्ञान मुलगी शोधा. अफगाणिस्तानच्या दोन मुख्य भाषांपैकी दारी येते की पश्तो, हे आधी विचारून घ्या. नात्यातली किंवा त्याच इमारतीतली नको, चहाड्यांची भीती असते. प्रत्येक बाईला एकटीला गाठून विचारा, "हिच्यासमोर बोललेलं चालेल का?" तिकडच्या वांशिक आणि राजकीय बाजू इथेही संपलेल्या नसतात. मानधन द्या. फुकटची दुभाषी तिसऱ्या आठवड्याला परीक्षा आहे म्हणून गळते.

बसताना त्रिकोण करा, समुपदेशकाची नजर बाईकडे, दुभाषीकडे नाही. एका वेळी दोनच वाक्यं. "ती म्हणते तिला झोप नाही" असं नको, "मला झोप नाही" असंच भाषांतर हवं. बैठकीआधी १५ मिनिटं आणि नंतर १५ मिनिटं दुभाषीसाठी राखून ठेवा. ऐकलेलं तिलाही घरी घेऊन जायचं असतं.

सहकारनगर_बस
शब्दांबद्दल एक. अफगाण बाई "फिशार" म्हणाली की आपली स्वयंसेविका बीपीचं मशीन शोधते. त्या शब्दाचा एक अर्थ रक्तदाब आहे खरा, पण मनावरच्या दडपणालाही तोच शब्द वापरतात: फिशार वर गेलं म्हणजे आतून उकळतंय, खाली गेलं म्हणजे अंगात त्राणच नाही. "असबी" म्हणजे डोकं भणभणणं, चिडचिड. "जिगर खून" म्हणजे काळीज रक्ताळलेलं, दुःख आणि काळजी एकत्र. काबूलमध्ये २००६ च्या सुमारास तयार झालेल्या २२ लक्षणांच्या यादीत हे शब्द मुद्दाम घेतले होते. आपली आजी "जीव लागत नाही" म्हणते तेव्हा तिला नैराश्य हा शब्द लागतो का? तसंच हे.

मशीन लावाच, त्यात काही कमीपणा नाही. पण आकडा ठीक आला म्हणून "काही नाही" म्हणून उठू नका. तिथूनच बोलणं सुरू होतं.

पर्वती_पायथा
पहिल्या बैठकीत "तिकडे काय झालं?" हा प्रश्न अजिबात नको. एकाच बैठकीत सगळं ओकायला लावण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटना करू नका म्हणते. भाडं, शाळेचा प्रवेश, गॅस, आत्ता काय अडलंय तेवढंच विचारा. बायका आपणहून बोलल्या तर ऐका, खोदू नका.

पुढचा साचा तयार आहे. त्याच संघटनेचा 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस': ५ आठवडे, एकटीसाठी दर बैठक ९० मिनिटं, गटाची आवृत्तीही आहे. श्वास, सुटण्याजोग्या अडचणीची फोड, सोडून दिलेलं रोजचं काम पुन्हा धरणं, माणसांशी सांधा जोडणं, एवढंच त्यात शिकवायचं. प्रशिक्षण आणि देखरेख असेल तर स्वयंसेविकाही चालवतात. 'सेल्फ-हेल्प प्लस' त्याहून सोपा: रेकॉर्ड केलेलं ऐकायचं, गट ३० जणींपर्यंत. युगांडात दक्षिण सुदानच्या निर्वासित बायकांवर त्याची चाचणी झाली आहे. तुमच्या ११ जणींना 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस'ची गटाची आवृत्ती बरी. मोठा गट केला तर गप्प बायका गप्पच राहतात, म्हणून दोन गट करा.

श्वास शिकवताना ३ पर्यंत मोजत आत, ३ पर्यंत मोजत बाहेर. डोळे मिटायला सांगू नका. काहींना मिटताक्षणी जुनं दिसतं. डोळे उघडे, पाय जमिनीला टेकलेले.

औंध_रोज
फॉर्म गटात नकोत. एकीचं उत्तर बघून दुसरी लिहिते. नैराश्याची ९ प्रश्नांची चाचणी (पीएचक्यू-९) समुपदेशकाने एकटीला बसवून घ्यावी. २७ पैकी १० किंवा जास्त आले तर पुढे पाठवावं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्यावर शून्य सोडून काही आलं तर एकूण गुण न बघता त्याच दिवशी बोला. आत्महत्येचा धोका, भास, घरकामही न जमणं: ही माणसं पाच बैठकांच्या पद्धतीसाठी नाहीत.

न्यायचं कुठे? ससून या सरकारी रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी, औंधचं जिल्हा रुग्णालय. येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव ऐकून लोक दचकतात, म्हणून आधी ही दोन. आधार मागितलं तर पासपोर्ट किंवा निर्वासित ओळखपत्र दाखवा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ नुसार सरकारी मानसिक आरोग्यसेवेचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. रात्री १४४१६, टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, मोफत. हिंदी-मराठी चालतं, दारीसाठी दुभाषीला तिसऱ्या फोनवर घ्या.

अंथरूण: आधी लघवीची तपासणी, जंतुसंसर्ग निघू शकतो. नाही निघाला तर ओरडणं बंद, झोपण्याआधी लघवी, आणि रबरी शीट आईला गुपचूप द्या, बाकी मुलांसमोर नाही.

कोंढवा_जिना
कागदपत्रांचं काय? बायका सारखं व्हिसाचंच विचारतात.

औंध_रोज
त्यासाठी वेगळा वार ठेवा. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. कुणी विद्यार्थी व्हिसावर, कुणाकडे संयुक्त राष्ट्रांचं ओळखपत्र, घराघरात वेगळी परिस्थिती. "होईल हो काहीतरी" असं समुपदेशकाने म्हणू नये. नाही झालं की गटच मोडतो. पोलिस आयुक्तालयातल्या परदेशी नोंदणी शाखेत जाताना एखाद्या स्वयंसेविकेने बरोबर जाणं, एवढ्यानेही त्या रात्री झोप लागते. फोटो मात्र काढू नका. तिकडे अफगाणिस्तानात राहिलेल्या घरच्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो.

सहकारनगर_बस
आणि दिवाळी. सुतळी बॉम्ब कधी, कुठे, किती वाजता, हे मुलांना आधीच कॅलेंडरवर दाखवा. दुपारी एक फुलबाजी हातात देऊन वास आणि ठिणगी ओळखीची करा. मूल नको म्हणालं तर तिथेच थांबा. विसर्जनाचा डीजे रस्त्यावर असेल त्या दिवशी वर्ग ठेवू नका.

कोंढवा_जिना
दुभाषीसाठी एका मुलीशी उद्या बोलते. मानधनाचा आकडा तासावर ठेवू की बैठकीवर?

पर्वती_पायथा
बैठकीवर. तासावर ठेवलं तर घाई होते, आणि आधी-नंतरची १५ मिनिटं पहिली कापली जातात.