ग्रीनलँड शार्क आणि आयव्हीची वेल : प्रौढत्वाची तुलना योग्य ठरेल का?

प्रश्न (जीवशास्त्र शिक्षिका, अंबाजोगाई)
अकरावीला सजीवांची वाढ शिकवताना ही जोडी वर्गापुढे ठेवण्याचा माझा विचार आहे. ग्रीनलँड शार्कची मादी सुमारे दीडशे वर्षांची झाल्यावर प्रजननक्षम होते, आणि आयव्हीही अनेक वर्षे भिंतीवर चढत राहिल्यानंतरच फुलते. दोन्हीकडचे प्रौढत्व एकाच अर्थाने शिकवावे का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
मॅडम, शार्कचे आकडे सांगताना अंदाजाची मर्यादाही सांगावी. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात 28 माद्यांच्या डोळ्यांतील भिंगांचे रेडिओकार्बन मापन (किरणोत्सारी कार्बनच्या प्रमाणावरून वय काढण्याची पद्धत) झाले, कारण भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने जन्मापूर्वीच तयार होतात आणि पुढे बदलत नाहीत. पाच मीटर लांबीच्या सर्वांत मोठ्या मादीचे वय 392 वर्षे निघाले, पण त्यात 120 वर्षे कमी-अधिक धरावी लागतात. म्हणून ‘किमान 272 वर्षे’ हेच विधान मला भक्कम वाटते.

उत्तर (परभणी)
माझ्या मते एकच अर्थ धरू नये. शार्क संपूर्ण शरीराने प्रौढ होते. आयव्हीच्या एकाच वेलीवर मात्र खालच्या फांद्या बाल्यावस्थेत आणि उंचावरच्या, उन्हात पोहोचलेल्या फांद्या प्रौढावस्थेत असू शकतात. खालच्या पानांना खाचा असतात आणि खोडाला भिंत धरणारी मुळे फुटतात. वरची पाने अखंड असतात, तिथे अशी मुळे येत नाहीत, आणि फुले याच फांद्यांवर लागतात. याहून विलक्षण बाब अशी की प्रौढ फांदीचे कलम लावल्यास ते चढत नाही, झुडपासारखे वाढते. परंतु जालन्याकडच्या द्राक्षबागांत वापरतात तेच जिब्रेलिक ॲसिड (वनस्पतींच्या वाढीचे संप्रेरक) फवारल्यास प्रौढ फांदीला पुन्हा बाल्यावस्थेतील पाने येऊ शकतात. शार्कच्या बाबतीत असे मागे फिरणे नाही, आणि विद्यार्थ्यांना नेमके हेच सांगायला हवे.

प्रश्नकर्ती
आभारी आहे, सर. हा फरकच धड्याच्या केंद्रस्थानी ठेवते. मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात आयव्ही प्रत्यक्ष कुठे दाखवावी?

उत्तर (परभणी)
त्याऐवजी बंगल्यांच्या कुंपणभिंतींवर लावतात ती फायकस प्युमिला दाखवावी. ती वडा-उंबराच्या कुळातली असली तरी तिच्यातही दोन अवस्था दिसतात : भिंतीला चिकटलेली पाने लहान व पातळ असतात, तर भिंतीपासून बाहेर झुकलेल्या जुन्या फांद्यांची पाने मोठी व जाड असून फळे त्यांच्यावरच धरतात. जी वेल वरचेवर छाटली जाते तिच्यावर अशा फांद्या सापडणार नाहीत, म्हणून न छाटलेली जुनी वेल शोधावी आणि दोन्ही प्रकारची पाने वर्गात शेजारीशेजारी ठेवावीत.