आईचे कपडे कापताना

"आईशी कधी पटलं नाही, आता तिच्या कपड्यांची गोधडी शिवताना रडू नाही, रागच येतो," असं तुम्ही लिहिलंय. अगदी ओळखीचं वाटलं. माझी आई गेल्यावर तिचे कपडे 2 वर्षं कपाटात तसेच होते. ना कात्री लावायचा धीर, ना देऊन टाकायचा.

आधी सगळं कापड धुऊन घ्या. कपड्यांसोबत नवं सुती कापड जोडलं तर ते आटतं, जुनं आटून झालेलं असतं. तसंच शिवलं तर पहिल्या धुण्यातच चुण्या पडतात. (वास जाईल म्हणून मी हे टाळत होते. शेवटी एक कपडा न धुता वेगळा ठेवला.) गोधडीचे थर एकावर एक ठेवून मधून कडेकडे कच्च्या टाक्यांनी (नंतर काढायच्या लांब टाक्यांनी) जागेवर धरून ठेवा, मग धावदोरा, म्हणजे साधे सरळ टाके, घाला.

एक टाका वाकडा दिसला की आई मला सगळी ओळ उसवायला लावायची. शाबासकी कधीच नाही. पण दोरा फार लांब घेऊ नये, गुंता होतो, हे तिनंच शिकवलं, आणि हात ते अजून पाळतो.

रागात घातलेले टाके मी उसवले नाहीत. पांघरताना ते हाताला लागतात.