अनुभव धागा: दुकानातली पहिली चोरी, सापडलेला विद्यार्थी आणि मागे राहणारा कागद

धागाकर्ता
अक्कलकोट, बार्शी, मोहोळ, पलीकडून इंडी-विजयपूरहूनही पोरं सोलापुरात शिकायला येतात. त्यातलं एखादं नवी पेठेत किंवा विजापूर रोडच्या सुपरमार्केटात डिओ, इयरफोन, टी-शर्ट उचलताना सापडतं आणि पुढच्या दोन तासांत पोरगं, पालक, दुकानदार सगळे मिळून नको ते करून बसतात. दुकान, ठाणं, कोर्ट, कॉलेज अशा ठिकाणी ही प्रकरणं हाताळणाऱ्यांनी लिहावं. कुणाचे किस्से नकोत, नावं तर नकोतच. काय होतं आणि का होतं तेवढं सांगा.

रेडिमेड दुकानाचा मॅनेजर
दारातलं अलार्मचं गेट वाजलं म्हणजे चोरी झाली असं नसतं. बिलिंगला टॅग काढायचा राहून गेला की प्रामाणिक गिऱ्हाइकालाही गेट वाजतं, म्हणून आधी बिल बघायचं आणि मग बोलायचं. कायद्याने लबाडीच्या इराद्याने वस्तू जागची हलवली तरी चोरी पूर्ण होते. पण दुकानाच्या आत इरादा सिद्ध करणं अवघड असतं, म्हणून शहाणा स्टाफ पोराला बिलिंग काउंटर ओलांडू देतो.

पुढे काय करायचं नाही ते ऐका. कानाखाली मारायची नाही, स्टॉकरूममध्ये कोंडायचं नाही, मुलीची झडती पुरुषाने घ्यायची नाही, फोटो काढून व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. आणि तो ‘दहापट दंड’! त्याला कायद्याचा काडीचाही आधार नाही. पोलिसांची भीती घालून पैसे काढले तर उलटी खंडणीची तक्रार होते. वस्तू परत घ्या, नाहीतर किंमत घेऊन रीतसर बिल फाडा. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरवरचं रेकॉर्डिंग बहुतेक दुकानांत पंधरा दिवस ते महिनाभरात पुसलं जातं, ते त्याच दिवशी वेगळं काढून ठेवा. पोरगं ‘मी नाहीच’ म्हणत असेल तर त्याच्या पालकांनीही ते जपून ठेवायची लेखी मागणी तेव्हाच करावी.

फौजदारी वकील, जिल्हा न्यायालय
सगळं प्रकरण 5,000 रुपयांच्या रेघेवर फिरतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 303(2) मध्ये साध्या चोरीला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. पण माल 5,000 च्या आतला, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. ती कोर्ट ठरवेल ते काम, बिनमोबदला. असा गुन्हा अदखलपात्र (म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही) आणि जामीनपात्र आहे. रेघेच्या वर गेलं की दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्यामुळे पंचनाम्यात किंमत कशी लिहिली ते बघा. 5,200 चं लेबल आणि 3,900 ची सेलची किंमत असेल, तर त्या दिवशी कोणत्या भावाने विकत होते त्याचं बिल किंवा सेलचा फलक पुढे आणावा लागतो.

आता खरी मेख. ठाण्यात कधीकधी 303 ऐवजी 305 लावतात. राहण्यासाठी किंवा माल ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतली चोरी, शिक्षा 7 वर्षांपर्यंत. तिथे 5,000 ची सवलत नाही, समाजसेवाही नाही. गिऱ्हाइकांना खुल्या असलेल्या दुकानाला हे कलम कितपत बसतं हा मुद्दा जामिनाच्या पहिल्या तारखेलाच मांडायचा असतो. तरीही 7 वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची नोटीस देऊन चौकशीला बोलावता येतं. नोटीस आली की ठरल्या वेळेला हजर राहायचं, नाहीतर अटकेचं कारण आपणच हातात देतो.

पार्टटाइम नोकरी करणाऱ्या पोरांनी ध्यानात ठेवा, आपल्याच मालकाच्या दुकानातून उचललं तर 306 लागतं. तेही 7 वर्षांचं.

निवृत्त पोलीस हवालदार
वकीलसाहेबांनी सांगितलं ते बरोबर. ठाण्यातलं सांगतो. अदखलपात्र असेल तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतात आणि फिर्यादीला कोर्टाचा रस्ता दाखवतात. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास नाही, वॉरंटशिवाय अटक नाही. दुकानदार म्हणतो, ‘मी पकडून ठेवला.’ खाजगी माणसाला पकडायचा अधिकार दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडला तरच आहे आणि तेव्हाही 6 तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मालक रात्री येईपर्यंत बसवून ठेवणं बसत नाही त्यात.

पोरांसाठी: कोऱ्या कागदावर सही नाही. पोलिसांपुढच्या जबाबावर आरोपीची सही लागतच नाही आणि पोलिसांकडे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही. दुकानात लिहून दिलेली मात्र चालू शकते. माफीनामा लिहायचाच तर पालक आल्यावर, तारीख, वस्तू, किंमत दिली आणि दुकानाची तक्रार नाही एवढं लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी दोन प्रती करा.

बालहक्काचं काम करणारी
अकरावी-बारावीतलं लेकरू बहुतेक वेळा 18 च्या आतलं असतं आणि तिथे सगळा रस्ताच बदलतो. वय गुन्ह्याच्या दिवशीचं धरतात, म्हणून शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी ठाण्यात पोचवा. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी नाही, 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. असल्या किरकोळ गुन्ह्यात एफआयआर न करता स्टेशन डायरीला नोंद होते आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे जातो. अपवाद एक: सोबत 18 वर्षांवरचा मित्र असेल तर एफआयआर होऊ शकतो. ‘आमचा धाकटा नुसता बरोबर होता’ म्हणणाऱ्या घरांनी हे वाचावं.

मंडळ समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड असे आदेश करतं. नाव-फोटो छापणं किंवा फिरवणं हा 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य पडताळणीतही पोलिसांनी ते उघड करायचं नाही. मदतीला चाइल्डलाइन 1098. मोफत वकील हवा तर हेल्पलाइन 15100, मुलांना आणि महिलांना उत्पन्नाची अट नाही.

कॉलेजची शिस्त समिती
बाहेरच्या दुकानातलं प्रकरण कॉलेजपर्यंत बहुधा दुकानदाराच्या फोनवरूनच येतं. नुसत्या फोनवर कारवाई होत नाही. लेखी तक्रार, विद्यार्थ्याचं म्हणणं, मग निर्णय. तोंडी समज आणि पालकांची हमी इथे बहुतेक मिटतं. वसतिगृह जास्त कडक वागतं. दाखल्यावरचा ‘वर्तणूक’ हा रकाना बिघडू नये म्हणून समितीच्या पत्राला उत्तर द्यायला टाळाटाळ करू नका. बिनउत्तराची फाईल कुणी स्वतःहून बंद करत नाही.

वाचकाचा प्रश्न
गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळं व्हावं का? घरचे तेच म्हणतात. तारखा कोण करणार?

फौजदारी वकील
अजिबात घाई नको. कबुली दिली की ती दोषसिद्धी. दंड पाचशे असो वा समाजसेवा चार दिवसांची, कागदावर ‘दोषी’च लागतं. पुन्हा असं काही झालं तर दुसऱ्या वेळी किमान 1 वर्ष सक्तमजुरी. आधी तडजोड बघा: 303(2) मध्ये मालाचा मालक तडजोड करू शकतो आणि तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो. 305 लावलं असेल तर हा दरवाजा बंद, मग दोन्ही पक्षांच्या संमतीने गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं.

तडजोड नाहीच झाली आणि पुरावा पक्का असेल, तर 1958 च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली, म्हणजे तुरुंगात न पाठवता सोडावं असा, अर्ज करा. त्याच्या कलम 3 मध्ये जुन्या भारतीय दंड संहितेच्या 379, 380, 381 चा नाव घेऊन उल्लेख आहे, आता त्यांच्या जागी 303, 305, 306 धरायची. समज देऊन सोडता येतं. 21 वर्षांखालच्याला तुरुंगात पाठवायचं तर कलम 6 प्रमाणे कोर्टाला कारणं लिहावी लागतात. सगळ्यात मोलाचं कलम 12. या कायद्याखाली सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. हा अर्ज शिक्षेआधी करायचा असतो आणि घाईत नेमका तोच राहतो.

भरतीचा फॉर्म भरून देणारा
पोलीस भरतीची निम्मी पोरं इथे अडकतात. साक्षांकन नमुन्यात (पडताळणीसाठी उमेदवार भरून देतो त्या फॉर्ममध्ये) ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का’ असं विचारलेलं असतं. सुटलो म्हणून ‘नाही’ लिहितात आणि पडताळणीत नोंद निघते. सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या अवतार सिंग निकालात सांगितलंय की खरं लिहिलं तरी नेमायचं की नाही हे ठरवायचा अधिकार नोकरी देणाऱ्याकडे राहतो आणि क्षुल्लक प्रकरण लपवलं असेल तर ते माफही करू शकतो. तरी मी म्हणेन, लिहा. मात्र प्रश्न नीट वाचा, विचारलंय ‘दोषी’, ‘अटक’ की ‘गुन्हा दाखल’. प्रत्येकाचं उत्तर वेगळं असू शकतं. कोर्टात प्रकरण चालू असताना पासपोर्ट काढायचा तर कोर्टाची परवानगी लागते. आणि निकालाच्या प्रमाणित प्रती दोन-तीन काढून ठेवा. पाच वर्षांनी जुनी फाईल शोधायला कोर्टात अर्ज करत बसावं लागतं आणि तोवर कागदपत्र पडताळणीची तारीख निघून गेलेली असते.