घर सोडून परदेशात सेवेला गेलात? पहिला महिना कसा गेला, ते लिहा

परळच्या जीएस मेडिकलमध्ये शिकलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये मुंबईहून बोटीने चीनला गेले. तिथली भाषा शिकले, युद्धातल्या जखमींवर उपचार केले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. वय अवघं 32. लहानपणी आईनेच आम्हाला ही गोष्ट सांगितली होती. आता माझा धाकटा भाऊ सहा महिने नेपाळला शिकवायला निघालाय, तर लालबागच्या घरात तिच्या घशाखाली घास उतरत नाही. जे जाऊन आलेत त्यांनी लिहा. मी तिला वाचून दाखवणार आहे.

मुलुंडहून
केनियाच्या किनाऱ्यावर, किलिफीजवळ, आठ महिने होते. बचत गटातल्या बायकांना हिशेब लिहायला शिकवायचं काम. पहिल्याच आठवड्यात निरोप आला, ‘सा म्बिली’ला या. म्बिली म्हणजे दोन, एवढं मी पाठ केलं होतं. दुपारी दोनच्या ठोक्याला हजर. आंब्याखालच्या चटया गुंडाळून झालेल्या, एकच आजी बसून होती. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. सात वाजले की एक, आठ वाजले की दोन. शेतातली कामं टाकून बायका सकाळी आठपासून माझी वाट बघत होत्या. मला तिथेच रडू फुटलं. आजी म्हणाली, “पोले.” कुणाला ठेच लागली, कुणाचं काही बिनसलं, की तिथे हा शब्द म्हणतात, चूक कुणाची, हे कुणी विचारत नाही. मग तिने चहा दिला (त्याला तेही ‘चाय’च म्हणतात) आणि बरोबर चपाती. शिकवायला गेलेल्या मला साधी वेळ कळत नव्हती. पुढचे तीन आठवडे मी वही बाजूला ठेवली आणि रोज संध्याकाळी तिच्याकडे बोलायला शिकले. नंतरचं काम जे काही झालं, ते त्या तीन आठवड्यांमुळे.

कुणी तिकडे जाणार असेल तर पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्या. दाखला आता आयुष्यभर चालतो, जपून ठेवा.

गिरगावातून
25 एप्रिल 2015 च्या भूकंपानंतर नेपाळमधल्या सिंधुपाल्चोकला गेलो होतो. पावसाळ्याच्या आत निवारे उभे करायचे होते, म्हणून जस्ताचे पत्रे डोक्यावरून चढावर न्यायचे. चाळीत चार जिने चढायची सवय, त्यामुळे जमेल असं वाटलं होतं. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेत बसलो. माझा पत्रा एका पंधरा वर्षांच्या मुलीने उचलला. तिचं स्वतःचं घर पडलेलं होतं. तिची आई मला रोज विचारायची, “खाना खानुभयो?” आणि ढिंडो वाढायची. तिच्या घरातलं पीठ मी खातोय याची इतकी लाज वाटली की दुसऱ्या आठवड्यात तांदळाची गोणी आणून दिली. ती रागावली. पाहुण्याने असं करायचं नसतं म्हणाली. लालबागच्या आईंना सांगा, तुमचा मुलगा तिथे उपाशी राहणार नाही.

बोरिवलीहून
मी कंबोडियात एका अनाथाश्रमात पैसे भरून एक महिना राहिले. मुलं पहिल्याच दिवशी गळ्यात पडली, मला ते प्रेम वाटलं. नंतर कळलं, बऱ्याच मुलांचे आई-वडील हयात होते. आमच्यासारखे पाहुणे येतात म्हणून मुलं तिथे ठेवली जात होती. दर महिन्याला नवी ताई येते आणि निघून जाते, हे एका मुलाने मला बोटांवर मोजून दाखवलं. ती बोटं अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. ऑस्ट्रेलियाने 2018 च्या कायद्याच्या वेळी अशा प्रकाराला आधुनिक गुलामगिरीत धरलं. भावाला विचारा, त्याच्या शाळेत तिथले शिक्षक आहेत ना? तो गेल्यावर वर्ग कोण घेणार? याचं उत्तर मिळाल्याशिवाय निघू देऊ नका.

पार्ल्यातून
माझी मुलगी परदेशी सेवेला गेली तेव्हा मी महिनाभर तिच्या खोलीचं दार लावून घेतलं होतं. तिथून ती आवाज दाबून बोलायची, मीही दाबून बोलायचे. एका रविवारी दोघी फोनवर मनसोक्त रडलो, त्यानंतर बरं वाटलं. आईंना रडू द्या.

लालबागहून, पुन्हा
सगळं वाचून दाखवलं. बोरिवलीच्या ताईंचा प्रश्न भावाने लगेच शाळेला कळवलाय, उत्तराची वाट बघतोय. आई दोनदा उठून आत गेली. आता बाहेर येऊन विचारतेय, गिरगावच्या दादांना विचार, ढिंडो कसल्या पिठाचा असतो आणि त्याच्याबरोबर काय खातात?