स्मरणिकेत पुलावरच्या उडीचा फोटो छापायचा का?

जुना_होस्टेलकर
कॉलेजच्या हीरक महोत्सवाची स्मरणिका परवा घरी आली. ‘गमतीजमती’ या सदरात पानभर फोटो आहे: पंचगंगेला पूर, शिवाजी पुलाच्या कठड्यावर चड्डीवर उभी पाच पोरं. खाली ओळ, ‘पहिल्या वर्षाची दीक्षा’. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना, म्हणजे इशारा पातळीला टेकलं की होस्टेलच्या नव्या पोरांनी पुलावरून उडी टाकायची. टाकली की मेसमध्ये सीनियरच्या पंगतीला जागा. डावीकडून दुसरा मी आहे. पुढच्या पावसाळ्यात एक पोरगा उडी टाकून वर आलाच नाही, तिसऱ्या दिवशी सापडला. स्मरणिकेत त्याच्यावर एक ओळ नाही. फोटो छापायचा तर त्याच पानावर तोही हवा. नाहीतर फोटो कशाला?

शुक्रवारपेठी
भावा, पुरात उड्या टाकणं ही काय तुमच्या होस्टेलची मिरास न्हाय. आमच्या पेठेतली पोरं इनर घेऊन घाटावर पोहायला शिकत्यात. पोहता न येणाऱ्याला ढकललं असेल तर चूक ढकलणाऱ्याची. उडीला कशाला नावं ठेवताय?

जुना_होस्टेलकर
ढकललं नाही कुणी. पट्टीचा पोहणारा होता, पण विहिरीतला. पाणी चढलं की पुलावरून उडी छोटी दिसते, फसायला होतं ते तिथंच. खांबामागचा भोवरा वरून दिसत नाही, वाहत येणारा ओंडका तर नाहीच नाही. तुमची पोरं लहानपणापासून नदी वाचतात, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पूर बघितलेला. आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणणारा मी होतो.

निवृत्त_रेक्टर
फोटो नको, हे मान्य. पण त्या मुलाचा उल्लेखही नको, असं माझं स्पष्ट मत आहे. स्मरणिका घरोघरी जाते. पंगतीतले विनोद, गॅदरिंगचे किस्से, आणि मधेच कुणाचं तरी लेकरू? त्यापेक्षा तो विषय बंदच बरा. १९९९ पासून राज्यात रॅगिंगविरोधी कायदा आहे, आज असं काही झालं तर थेट पोलीस केस होईल. मग जुनं उकरून काय साधणार?

रंकाळ्यावरची
सर, विषय बंद केला म्हणूनच तो ‘गमतीजमतीं’त जाऊन बसला ना! अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात फुटबॉलच्या मोठ्या सामन्याआधी ओंडक्यांची अवाढव्य होळी रचायची प्रथा होती, १९०९ पासूनची. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे रचत असतानाच ती कोसळली. १२ जण गेले, २७ जखमी झाले. पाच वर्षांनी त्याच जागी स्मारक झालं. गोलात बारा दारं आहेत, प्रत्येक दाराचं तोंड त्या-त्या मुलाच्या गावाकडं. प्रथेचा इतिहासही तिथं आहे, पण बारा जणांना टाळून तो बघता येत नाही. आपल्याकडं पुलाजवळ साधी पाटीसुद्धा नाही.

शुक्रवारपेठी
आणि होळी थांबली का तिकडं? पोरं विद्यापीठाबाहेर रचत्यातच की अजून. दगड उभारून खाज जात नसती, ताई. त्यापरीस पुराच्या दिवसांत घाटावर दोन पोहणारे उभे करा, रस्सी ठेवा. आमच्या तालमीची पोरं फुकट येतील.

रंकाळ्यावरची
रस्सी ठेवाच. पण रस्सी कुणामुळं ठेवली, ते विचारणारं पोरगं येईल तेव्हा सांगणार काय?

जुना_होस्टेलकर
संपादकांना फोन केला होता. म्हणाले, प्रती वाटून झाल्या, आता फार तर एक चिठ्ठी छापून माजी विद्यार्थ्यांना पाठवू. मजकूर मी द्यायचा. चार दिवस कागद पुढं घेऊन बसलोय. आम्ही त्याला टोपणनावानंच हाक मारायचो. खरं नाव आठवत नाही, याची लाज वाटते.

निवृत्त_रेक्टर
जुने हजेरीपट माझ्या ओळखीच्या लिपिकाकडे असतील, नाव मिळेल. पण घरच्यांना विचारल्याशिवाय एक अक्षरही छापायचं नाही. ते नको म्हणाले तर नको.

जुना_होस्टेलकर
कबूल. नाव आणि गाव कळलं की त्याच रविवारी जातो. एकट्याला धीर होईल असं वाटत नाही.

शुक्रवारपेठी
उडीबद्दल माझं मत हाय तेच हाय. पण गावाला जायचं असेल तर गाडी मी काढतो. सकाळी सातला गंगावेशीत थांबा.